शेतीचा वाटा घटला, पण कोणत्या वर्षी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाच भागातल्या शेतकरी कुटुंबांची दहा वर्षांच्या अंतराने दोनदा पाहणी झाली. दुसऱ्या फेरीत घराच्या एकूण उत्पन्नातला शेतीचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. याला प्रगती म्हणायचं की पीछेहाट, आणि कुटुंबं आपली उपजीविका ठरावीक टप्प्यांनी बदलतात का?

अशा घरांच्या पडवीत बसून प्रश्नावल्या भरण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यामुळे आधी एक इशारा देतो. नुसता वाटा हातात धरून प्रगती किंवा पीछेहाट यांपैकी काहीही सिद्ध करता येतं, आणि लोक तसं करतातही. वाटा हा अपूर्णांक. वरचा आकडा घटला तरी तो घटतो आणि खालचा वाढला तरी घटतो. भारतातल्या शेतकरी कुटुंबांच्या सरकारी पाहणीचंच उदाहरण घ्या. २०१२-१३ साली कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ६,४२६ रुपये होतं आणि त्यातले ३,०८१ रुपये पिकांतून येत होते. २०१८-१९ मध्ये उत्पन्न १०,२१८ रुपयांवर गेलं, पिकांचे ३,७९८ झाले, आणि मजुरी-पगाराचे ४,०६३ रुपये पिकांच्याही पुढे गेले. पिकांचा वाटा ४८ टक्क्यांवरून ३७ वर आला. कागदावर पिकांचे रुपये वाढलेत, पण मधली महागाई वजा केली तर ते घटलेलेच निघतात. म्हणजे इथे मजुरी वाढली आणि शेती खचली, या दोन्ही गोष्टी एकाच अपूर्णांकात कालवल्या गेल्या आहेत. त्यातही ही सगळ्या देशाची सरासरी. एखाद्या घरात नोकरी लागली म्हणून वाटा घटला आणि शेजारच्या घरात विहीर आटली म्हणून घटला, तरी तक्त्यात दोन्ही घरं एकाच रकान्यात बसतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे टक्के बाजूला ठेवा आणि महागाई काढून दोन्ही फेऱ्यांतले रुपये समोरासमोर मांडा. हे प्राथमिक आहे हे मला कळतं, पण हे न करता लिहिलेले अहवाल मी कितीतरी वाचले आहेत.

दुसरी गोष्ट घराच्या वयाची, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. रशियन अर्थतज्ज्ञ अलेक्सांद्र चायानोव यांनी १९२० च्या दशकात, तिथल्या जिल्हा मंडळांनी गोळा केलेल्या शेतकरी कुटुंबांच्या जमाखर्चांवरून एक साधी गोष्ट दाखवली. शेतकरी घर किती राबतं हे घरातली खाणारी तोंडं आणि राबणारे हात यांच्या प्रमाणावर ठरतं. लग्न होऊन वेगळं झालेलं जोडपं, पाठोपाठ दोन-तीन मुलं, म्हणजे तोंडं जास्त आणि हात कमी. हा त्या घराचा सगळ्यात ओढाताणीचा काळ. मुलं हाताशी आली की तेच घर सैल होतं. मग मुलांची लग्नं, वाटण्या, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. (या माणसाला १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालून मारलं. छोटं शेतकरी घर स्वतःच्या हिशेबाने चालतं हे म्हणणं तेव्हाच्या सत्तेला परवडणारं नव्हतं.)

चायानोवच्या रशियात हात वाढले की घराला जास्त जमीन मिळण्याची सोय बऱ्याच ठिकाणी होती. जिथे जमीन वाढत नाही तिथे वाढलेले हात बाहेर जातात. भारतात एका खातेदाराकडची सरासरी जमीन १९७०-७१ साली २.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आली. एवढ्याशा तुकड्यावर चार प्रौढ माणसं राबली काय आणि दोन राबली काय, पीक जवळपास तेवढंच येतं. उरलेले दोघे बाहेर पडतात, आणि त्याला उपजीविकेतलं मोठं स्थित्यंतर म्हणण्यापेक्षा मुलं मोठी झाली असं म्हणणं अधिक खरं असतं. तुमच्या दोन फेऱ्यांत दहा वर्षांचं अंतर आहे. पहिल्या फेरीत आठ वर्षांचा असलेला मुलगा दुसऱ्या फेरीत अठराचा झाला. त्या घरात बाहेरचं उत्पन्न वाढलेलं दिसणारच. म्हणून कर्त्याच्या आणि मुलांच्या वयानुसार घरांचे गट पाडून पाहा. गट पाडल्यावरही जो फरक उरेल, तोच काळाने केलेला फरक.

आता मुख्य मुद्दा. फ्रँक एलिस यांनी १९९० च्या दशकात ग्रामीण कुटुंबांच्या बहुविध उपजीविकांवर लिहिताना भेद केला तो नाइलाजाने केलेला बदल आणि निवडीने केलेला बदल असा. भेद बरोबर आहे. अडचण अशी की ‘तुम्ही हे नाइलाजाने केलंत का?’ असं विचारलं की एकतर सगळेच हो म्हणतात, नाहीतर ज्याला मान जपायचा आहे तो नाही म्हणतो. उत्तराचा उपयोग शून्य. माझ्यापुरता मी त्या प्रश्नाचा वेगळा प्रश्न करून घेतला: हा बदल कोणत्या वर्षी झाला, आणि ते वर्ष घराला चांगलं गेलं होतं की वाईट? वर्षं लोकांना पक्की आठवतात. सालाचा आकडा आठवला नाही तरी ‘धाकटी रांगत होती तेव्हा’, ‘विहिरीचा काठ ढासळला त्याच्या आदल्या वर्षी’ असं आठवतंच.

एक घर सांगतो, कारण ही पद्धत मी तिथेच शिकलो. गोठ्यात शिरलो तर दावणीला एकही जनावर नव्हतं. बैल बांधायच्या जागी शिलाई मशीन मांडलेलं, आणि खुंट्याला मोजपट्टी टांगलेली. घरधन्याला व्यवसाय विचारला. ‘शेती,’ तो म्हणाला. मी तसं लिहून घेतलं. मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर न करता विचारलं, ‘शेवटचा नांगर कधी धरला होता, तेही लिहून घ्या की.’ मग ती उठून आली. मी घराचा वीस वर्षांचा इतिहास कागदावर रेघ मारून विचारत होतो. रेघ तिला काही पटेना. तिने जमिनीवर सुतळी पसरली, बटणांचा डबा आणला आणि वाईट वर्षाला काळं, चांगल्या वर्षाला पांढरं असं एकेक बटण ठेवत गेली. मधेच थोरली मुलगी येऊन एक बटण दोन वर्षं मागे सरकवून गेली. आई-मुलीचा त्यावर थोडा वादही झाला.

पहिलं काळं बटण नवऱ्याच्या ऑपरेशनचं. त्याच वर्षी बैलजोडी विकली. त्याच वर्षी पंधरा वर्षांच्या मुलाची शाळा सुटली आणि तो गवंड्याच्या हाताखाली जाऊ लागला. पुढच्या हंगामात नांगरट भाड्याच्या बैलांनी करायची होती. भाड्याचे बैल आधी मालकाच्या शेतात चालतात आणि मग तुमच्या. पेरणी लांबली, उगवण विरळ झाली, आणि त्या वर्षालाही काळं बटण बसलं. पाठोपाठ आणखी एक. साधारण सात वर्षांनी मुलगा हाताखालचा न राहता स्वतः गवंडी झाला. त्या वर्षी पीकही बरं आलं, म्हणून पांढरं बटण. त्या पांढऱ्या वर्षात तीन गोष्टी झाल्या: विहिरीचा गाळ काढून ती खोल केली, धाकट्याला दोन वर्षांच्या तांत्रिक अभ्यासक्रमाला घातलं आणि मशीन आलं. ‘हे मी मागून घेतलं,’ मशीनकडे हात करून ती म्हणाली.

माझ्या प्रश्नावलीत या घराचा बिगरशेती उत्पन्नाचा मुख्य स्रोत पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत एकच होता, बांधकामावरची मजुरी. उत्तराला दिलेला संकेतांकही (कोड) तोच. पण काळ्या वर्षातली ती मजुरी म्हणजे बैल गेल्यावर पोट भरायचा मार्ग, आणि पांढऱ्या वर्षातली म्हणजे विहीर, शिक्षण आणि मशीन यांचं भांडवल. संकेतांकाला हा फरक कधीच कळला नसता. सुतळीवर तो लगेच दिसत होता.

त्या बैलांपाशी थोडं थांबतो. भारतातल्या निमशुष्क भागातल्या गावांच्या दीर्घकालीन आकडेवारीवर मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वॉल्पिन यांनी १९९३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. पाऊस दगा देतो तेव्हा घरं बैल विकून खाण्यापिण्याचा खर्च भागवतात. बैल हे अवजारही असतं आणि साठवलेला पैसाही. पैसा म्हणून ते मोडलं की पुढच्या वर्षीची कमाईही मोडते, आणि गरीब घराला ते पुन्हा उभं करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आता बैल कमी झाले, पण तर्क तोच राहतो. पाण्याचा पंप, दुभतं जनावर, माल वाहायची गाडी, कमावून देणारी कोणतीही वस्तू मोडून खर्च भागवला असेल तर त्यानंतरचा ‘बिगरशेतीकडे वळण्याचा’ आकडा मी तरी संशयानेच बघतो. घरं सहसा ती वस्तू सगळ्यात शेवटी मोडतात. आधी खाण्यात काटकसर करतात, मग हातउसने घेतात, मग शेळी-कोंबडी काढतात, आणि जमिनीला हात लावायची वेळ तर येऊच नये म्हणून धडपडतात. कोणतं घर या उतरंडीवर कुठवर उतरलं होतं हे विचारलं की बरंच काही उलगडतं.

काळ्या बटणाचं कारण आजारपण असावं यात नवल नाही. अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र, केनिया, युगांडा आणि पेरूमधल्या गावांत लोकांनाच बसवून घराघराचा पंचवीसेक वर्षांचा चढउतार मांडून घेतला. दोन गोष्टी पुन्हापुन्हा निघाल्या. एक, त्याच गावात त्याच काळात काही घरं गरिबीतून वर येत असतात आणि दुसरी काही पहिल्यांदाच गरिबीत पडत असतात. दोन, पडण्याच्या कारणांत आजारपण आणि औषधोपचाराचा खर्च जवळजवळ सगळीकडे सर्वांत वर असतो. पहिली गोष्ट तुमच्या कामाची आहे. गरीब घरांची संख्या दहा वर्षांत थोडीशीच बदललेली दिसली तर ‘फार काही घडलं नाही’ असं वाटतं. आत मात्र निम्मी नावं बदललेली असू शकतात. आणि वर येण्याची कारणं वेगळी, पडण्याची वेगळी. दवाखान्याने पाडलेलं घर सुधारित बियाण्याने उठत नाही.

आता टप्प्यांबद्दल. अँड्र्यू डॉरवर्ड यांनी २००९ मध्ये गरीब ग्रामीण घरांचे मार्ग तीन प्रकारांत मांडले: आहे त्यात तग धरून राहणं, आहे त्याच कामात वर चढणं, आणि त्यातून बाहेर पाऊल टाकणं. मांडणी सोपी आणि उपयोगी आहे, फक्त ती घरावर लेबल म्हणून चिकटवू नका. त्या सुतळीवाल्या घरात वडील तग धरून होते, आई विहीर खोल करून चढत होती आणि मुलगा बाहेर पडला होता, तिन्ही एकाच छपराखाली. मी आता ही तीन नावं घरांना देत नाही, घरातल्या माणसांच्या निर्णयांना देतो.

टप्प्यांची कल्पना अर्थशास्त्रातून आली. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं की शेतीत माणसं गरजेपेक्षा जास्त असतात, ती कारखान्यांकडे जातात आणि एके दिवशी ही जादा माणसं संपतात. देशाच्या पातळीवर त्यात तथ्य आहे. घराच्या पातळीवर मात्र माणूस जातो आणि जमीन मागे राहते. जमीन विकून, घर बंद करून निघालेलं कुटुंब मला क्वचित दिसलं. बहुतेक घरं एक पाय आत ठेवूनच बाहेर पडतात.

जपानचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. तिथल्या शेती गणनेत अर्धवेळ शेतकरी घरांचे दोनच प्रकार होते: पहिला, ज्यांचं मुख्य उत्पन्न शेतीचं, दुसरा, ज्यांचं मुख्य उत्पन्न बाहेरचं. १९७० च्या आसपास दुसऱ्या प्रकारची घरं निम्म्याहून जास्त झाली. नवरा कारखान्यात किंवा कचेरीत, शेती सुटीच्या दिवशी आणि यंत्रावर. १९६० च्या दशकात याला एक थट्टेचं नाव पडलं होतं, ‘सान-चान’ शेती, म्हणजे आजोबा, आजी आणि आई या तिघांनी करायची शेती. शेतीचा वाटा कोसळला होता आणि घरं खाऊनपिऊन सुखी होती, कारण भाताला सरकारी भावाचा आधार होता, यंत्रं परवडत होती आणि कारखाने घरातून रोज जाऊन येण्याच्या अंतरावर होते. यातला एकेक आधार काढून पाहा, तोच घटलेला वाटा किती वेगळा दिसेल.

उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातलं पालनपूर हे गाव तर १९५७-५८ पासून जवळजवळ प्रत्येक दशकात पुन्हा मोजलं गेलं आहे. आधी सिंचन आणि नव्या बियाण्यांनी शेती वर आली. नंतरच्या फेऱ्यांत वाढीचं मुख्य इंजिन गावाबाहेरची कामं झाली, आणि त्यातली बरीचशी गावात राहूनच, रेल्वेने जाऊन-येऊन. सुरुवातीची चांगली कामं ओळखीपाळखीच्या लोकांकडे गेली. पुढे वीटभट्ट्या, बांधकामं अशी कामं वाढली तेव्हा गावातल्या सगळ्यात तळच्या आणि भूमिहीन घरांनाही वाट मिळाली. ज्यांचे हात बाहेर गुंतले त्यांनी जमीन बटाईने दिली, ज्यांचे मोकळे होते त्यांनी ती केली. उत्पन्न वाढलं आणि विषमताही वाढली. यातून मी घेतलेला धडा अंतराचा आहे. रोज संध्याकाळी घरी परतता येईल अशा अंतरावर काम असलं तर घर शेती आणि मजुरी दोन्ही सांभाळतं. सहा महिने बाहेर राहावं लागलं तर दोहोंपैकी एक मोडकळीला येतं, किंवा शाळा मोडते. तुमच्या नमुन्यातल्या घरांपासून बाहेरचं काम किती तासांवर आहे हे नोंदवलेलं नसेल तर अजूनही नोंदवून घ्या.

बाहेरचा पैसा शेतात परत येतो का, हा पुढचा प्रश्न. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये म्हटलं की बाहेरगावी जाणं हा एकट्या माणसाचा निर्णय मानू नये, तो घराने केलेला विमा असतो. एकाला पावसावर अवलंबून नसलेल्या ठिकाणी पाठवायचं, म्हणजे पाऊस हुकला तर तिकडून पैसा येतो, आणि तिकडचं काम सुटलं तर इकडे जमीन असते. केनियातल्या माचाकोस जिल्ह्यात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. १९३० च्या दशकात तिथले उतार धुपून चालले होते आणि वसाहतीचे अधिकारी तो भाग वाया गेला असं लिहीत होते. १९९० पर्यंत तिथली लोकसंख्या पाचपटीहून जास्त झाली, आणि तरीही उतारांवर पायऱ्यांची शेतं बांधलेली होती, धूप बरीच आटोक्यात आलेली होती, माणशी उत्पादनही वाढलेलं होतं. त्यामागे नैरोबीची जवळची बाजारपेठ होती, तिथल्या नोकऱ्यांतून घरी आलेला पैसा होता, आणि मागे राहिलेल्या लोकांचे, त्यातही बायकांच्या गटांचे, हात होते. बाहेरचं उत्पन्न वाढल्यामुळेच शेती सुधारली असं हे प्रकरण आहे. तुमच्या आकड्यांत अशी घरं नक्की असतील. ओळखायची खूण अशी की शेतीचा वाटा घटलेला, पण शेतात काहीतरी नवं बांधलेलं.

मात्र पैसा परत येईलच असं नाही. ईशान्य थायलंडमधल्या दोन गावांचा जोनाथन रिग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यास केला आणि २००८ मध्ये ते पुन्हा तिथे गेले. जमीन लोकांनी धरून ठेवली होती, पण कसणारे म्हातारे झाले होते, आणि बऱ्याच घरांत आजीआजोबा नातवंडं वाढवत होते. जमीन तिथे उत्पन्नासाठी कमी आणि परतायची जागा म्हणून जास्त उरली होती. ही उधळपट्टी आहे असं शेतीखात्यातल्या माणसाला वाटतं. त्या घराला वाटत नाही, आणि माझ्या मते त्या घराचं बरोबर आहे.

परतायची जागा का लागते ते भारतात २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदीत शहरं बंद पडली आणि देशातल्या एकूण रोजगारात शेतीचा वाटा २०१८-१९ च्या ४२.५ टक्क्यांवरून २०१९-२० मध्ये ४५.६ टक्क्यांवर गेला. तुमच्या प्रश्नाची ही उलटी बाजू. शेतीचा वाटा वाढला, आणि तो वाढला हीच वाईट बातमी होती.

माझ्या काळ्या-पांढऱ्या बटणांची पद्धत कुठे फसते तेही सांगायला हवं. वाईट वर्षी झालेला प्रत्येक बदल वाईट ठरत नाही. त्या गवंड्याच्या घराने काळ्या वर्षीच पाऊल टाकलं आणि पुढे ते सावरलं. सावरलं याची दोन कारणं मला दिसतात: जमीन विकली नव्हती, आणि मुलाला मिळालेलं काम शिकण्यासारखं होतं. त्याच काळ्या वर्षी शेजारचं एक घर मुकादमाची उचल घेऊन हंगामी कामाला गेलं. उचलीत पैसा आधी मिळतो आणि काम नंतर फेडायचं असतं. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, थोडी बाकी राहते, ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं, आणि तोवर मुलाची शाळा दोनदा बुडालेली असते. तिथे दहा वर्षांत कौशल्य वाढत नाही आणि मजुरीचा दरही माणसाच्या हातात नसतो. बाहेरच्या उत्पन्नाचा आकडा मात्र दोन्ही घरांत सारखा दिसला, काही वर्षं तर उचलवाल्या घराचा जास्तच. म्हणून वर्षाबरोबर मी आणखी एक विचारतो: पैसा कामाच्या आधी मिळाला की नंतर?

आणि उत्तर कुणाकडून घेतलं तेही पाहा. पुरुष बाहेर गेल्यावर शेती बाईच्या अंगावर येते. प्रश्नावलीत मात्र शेतकरी म्हणून नाव त्याचंच राहतं आणि तिच्या कामाला ‘घरकाम’ नाहीतर ‘मदत’ असा रकाना मिळतो. तुमच्या दुसऱ्या फेरीत शेतीचे तास घटलेले दिसत असतील तर ते खरंच घटले की फक्त न मोजल्या जाणाऱ्या माणसाकडे गेले, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. निदान तीस-चाळीस घरांत बाईला वेगळं बसवून, आदल्या दिवशीचा तासातासाचा हिशेब विचारा. बाजूला नवरा बसलेला असेल तर ती मुलाखत पुन्हा घ्यावी लागेल.

शेवटची गोष्ट तुमच्या आकड्यांच्या बाहेरची आहे. निमशुष्क भागातल्या शेतीवर संशोधन करणाऱ्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रातल्या सहा गावांत, शिरापूर, कळमण, कान्झरा अशा ठिकाणी, प्रत्येक गावातून चाळीस घरं घेऊन मोजणी सुरू केली. तीस कसणारी आणि दहा मजुरी करणारी. दहा वर्षांनी ती थांबली, आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू करताना मोठी डोकेदुखी ठरली ती जुनी घरं शोधण्याची. फुटलेली घरं होती, गाव सोडून गेलेली होती, संपलेली होती. मूळ घरातून निघालेल्या नव्या घरांचाही माग काढावा लागला, कारण गावात उरलेल्यांनाच मोजलं असतं तर बदलाची अर्धीच गोष्ट हाती आली असती. तुम्ही पत्रात लिहिलंय की दुसऱ्या फेरीत पहिल्या यादीतली काही घरं ‘उपलब्ध नाहीत’ म्हणून वगळली. नेमकी किती ते लिहिलेलं नाही. जी घरं सगळ्यात जास्त बदलली, वर किंवा खाली, तीच बहुधा त्या यादीत असतील. विश्लेषण सुरू करण्याआधी ती यादी काढा, आणि प्रत्येक बंद घराच्या शेजाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कोणत्या वर्षी गेले, जमीन कोण कसतंय, आणि कधी परत येतात का.